ताईचा सूट आणि माझी ऊब

निओप्रीन या कापडाबद्दल मला जेवढं कळतं, तेवढं फार थोड्या लोकांना कळत असेल. पण त्याबद्दल कुणी कधी काही विचारत नाही. लग्नाच्या बैठकीत, वाढदिवसाला, दवाखान्यात, कुठेच नाही! म्हणून मी आपणहून सांगतो.

निओप्रीन म्हणजे कृत्रिम रबर. त्यात सुईच्या टोकाएवढे लाखो बुडबुडे कोंडलेले असतात आणि दोन्ही अंगांना पातळ कापड चिकटवलेलं असतं. ताणलं की ताणलं जातं, सोडलं की जागेवर येतं, अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. पाणबुड्यांचे सूट, गुडघ्याचे पट्टे, बाटल्यांची कव्हरं, सगळं त्याचंच. आमच्या कारखान्यात या वस्तू बनतात आणि त्यांच्या मानेला शिवलेल्या चिमुकल्या पट्टीवरच्या सूचना लिहायचं काम माझं आहे. गरम पाण्यात धुवू नका. पिळू नका. इस्त्री करू नका. उन्हात घालू नका. कारखान्यात मला 'नका' असंच म्हणतात. "नका आला का?" "नकाला जरा वर पाठवा." आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त दाताचे डॉक्टर वापरतात.

घरी खराब शिवलेल्या नमुन्यांचा पूर आलाय. आमच्या बाटलीला स्वेटर आहे, रिमोटला कोट आहे, बाबांच्या दोन्ही गुडघ्यांना आणि एका कोपराला पट्टे आहेत. कोपराला काय झालंय हे बाबांनाही माहीत नाही. फुकट मिळाला म्हणून घालतात. घरात उघडा फिरणारा मी एकटाच.

आता ताई. ताई लहान मुलांना पोहायला शिकवते. सकाळी तलावाच्या काठावर उभी राहून "पाय मार, पाय मार, पाय मार" असं ओरडते आणि घरी येते तेव्हा तिचा आवाज बसलेला असतो. तिला पाणबुड्याची नोकरी हवी होती. मोतीबिती काढायची नव्हे. शहराच्या पाण्याच्या टाक्यांत उतरून तळाशी झडपा तपासायची! अंधार, थंडगार पाणी, आणि "टीचर, मला शू लागली" म्हणणारं खाली कुणी नाही. ताईच्या मते स्वर्ग स्वर्ग म्हणतात तो हाच.

तिची दमछाक होत नाही. ती तळाशी जाऊन झडप उघडेल, बंद करेल, वर तिथेच आंघोळही उरकून येईल. पण गेल्या परीक्षेत ती पहिल्या फेरीलाच गळाली. पहिली फेरी सूट तपासण्याची. तिथले मुख्य तपासनीस सूट हातात घेतात, उलटा करतात, आणि हुंगतात. त्यांचं म्हणणं साधं आहे. हे पाणी लोकांच्या पोटात जातं. ज्याला आपल्या सूटची निगा राखता येत नाही, त्याला आम्ही टाकीत सोडणार नाही!

आता पाणबुड्यांच्या सूटला वास का येतो, हे मी कारखान्यात असल्यामुळे मला ठाऊक आहे. थंड पाणी, बराच वेळ, जवळपास संडास नाही. प्रत्येक पाणबुड्या म्हणतो, "मी? छे! कधीच नाही!" सूट मात्र खोटं बोलत नाही. ताईने तेव्हा मैत्रिणीचा सूट मागून आणला होता. तपासनिसांनी तो हुंगला, चष्मा काढला, पुसला, आणि एवढंच म्हणाले, "पुढचे."

यंदा सूट ताईचा स्वतःचा होता, आमच्याच कारखान्यातला, पण महिनाभराच्या सरावाने तोही बोलायला लागला होता. आणि वयाच्या अटीमुळे ही परीक्षा शेवटची. नाहीतर जन्मभर "पाय मार".

"ताई, सूट माझ्यावर सोड," मी म्हणालो. "असा करून देतो, की तपासनीस एकदा हुंगतील आणि पुन्हा मागतील!"

"नक्की? वाट नाही ना लावणार?"

"अगं, माझं पोट चालतं यावर!"

ताईने सूट दिला. माणूस दमला की विश्वास ठेवतो.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी तो धुतला, आणि काय धुतला! थंड पाणी, सौम्य साबण, थोडं व्हिनेगर. ब्रश नाही, पिळणं नाही. बाळाला आंघोळ घालतात तसा, मान सांभाळून. मग उलटा करून रुंद खांद्याच्या हँगरवर, सावलीत, बाल्कनीत टांगला. वास पार गेला. मी स्वतःच हुंगून पाहिला आणि क्षणभर माझे डोळे भरून आले.

सकाळी उठून पाहिलं तर टप. टप. टप.

माझ्या पट्टीवर 'सावलीत वाळू द्या' असं असतं. किती वेळ ते नसतं. पट्टी लहान असते हो! रबर पाणी पीत नाही हे खरं, पण त्याच्या दोन्ही अंगांना जे कापड असतं, ते फुकटच्या पार्टीतल्या काकांसारखं पितं आणि काकांसारखंच जागचं हलत नाही. सूट बाल्कनीत लटकून गळत होता. बाबा चष्म्याशिवाय बाहेर आले आणि दचकले.

"कोण आहे रे ते?"

"सूट आहे, बाबा. वाळला नाही अजून."

"मग उन्हात टाक की."

"नको! ऊन लागलं की कडक होतो. तडे जातात."

"मी हलकीशी इस्त्री फिरवते," आई म्हणाली.

"नको! वितळेल."

"बरं, दोघं मिळून पिळू."

"नको! आतले बुडबुडे दबतात."

"केसांच्या ड्रायरने?"

"गरम हवा नको!"

"एवढे नखरे माझ्या लग्नात मुलाकडच्यांनीही केले नव्हते," आई म्हणाली. मुलाकडचे बाबा ड्रायर शोधायला आत गेले.

शेवटी थंड हवेवर ड्रायर चालवायला मी परवानगी दिली. बाबा सूटसमोर खुर्ची टाकून बसले आणि डाव्या बाहीपासून सुरुवात केली. बराच वेळ गेला. डावं मनगट वाळलं. बाबांना डुलकी लागली. ड्रायर घसरला आणि त्यांचं कोपर वाळवत राहिला.

ताई सकाळच्या मुलांना शिकवून येणार, जेवणार, आणि लगेच परीक्षेला निघणार होती. घड्याळाकडे बघताना माझ्या डोक्यात वीज चमकली. माझ्या डोक्यात वीज चमकली की घरच्यांनी मेन स्विच बंद करायला हवा. पण कुणीच उठलं नाही.

"आई! हा सूट ऊब धरून ठेवतो ना? मग आत ऊबच घालू की! अंगाची! मी तो घालतो, माझ्या उबेने वाळेल! इस्त्री नाही, ऊन नाही, मशीन नाही. पट्टीवर याला कुठे मनाई आहे?"

"पट्टी तूच लिहिलीस," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "तुला आधी सुचलं नाही, एवढंच."

ताई खांद्यांत माझ्याहून रुंद आहे आणि उरलेली सगळीकडे माझ्याहून अरुंद. शिवाय बहिणीचा सूट म्हणून मी मर्यादा पाळली. आत हाफ पँट ठेवली, बनियनही ठेवली. ओलं निओप्रीन अंगावर चढवणं म्हणजे मोजा माणसाने घालायचा नसून मोज्याने माणूस घालायचा. पाय सरकावेत म्हणून मी पावलांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. बाबांनी मला कमरेपासून वर उचलून आत आपटलं, दळणाच्या डब्यात पीठ बसवतात तसं. चेन पाठीवर होती. आईने माझ्या कण्यात गुडघा रोवला आणि चेनची दोरी धरली.

"श्वास सोड."

"सोडला."

"आणखी सोड."

"आता नाही उरला, आई!"

चर्रर्र! चेन मानेपर्यंत गेली. माझा आवाज दोन पट्ट्या वर गेला.

ऊब वाढावी म्हणून मी हॉलमध्ये जागच्या जागी धावू लागलो. कमालीचं गरम झालं. मी खूश झालो. मग घाम आला. मग घामाच्या धारा लागल्या. आणि धावता धावता मला माझ्याच माहितीपत्रकातलं माझंच वाक्य आठवलं. हा सूट अंग आणि कापड यांमध्ये पाण्याचा पातळ थर धरून ठेवतो आणि तो गरम ठेवतो. हेच तर त्याचं काम! त्यासाठीच लोक तो विकत घेतात! पाणी बाहेर घालवायला तो जन्मालाच आलेला नाही. मी सूट वाळवत नव्हतो. मी त्यात आतून पाणी भरत होतो.

आईने जवळ येऊन मानेपाशी हुंगलं. "साबणाचा वास गेला रे," ती म्हणाली. "आता कसला येतोय?"

"माझा."

"काढ आधी! काढ!"

आईने दोरी खाली ओढली. चेन तसूभरही हलली नाही. बाबांनी बॅटरी आणून पाहिलं आणि जाहीर केलं, "चेनने बनियन खाल्लीये. चांगली वीतभर."

तेवढ्यात ताई आली. तिने दारात उभं राहून माझ्याकडे पाहिलं. मग बॅटरीकडे. मग ड्रायरकडे. मग माझ्या पावलांच्या पिशव्यांकडे.

"कुणीतरी पहिल्यापासून सांगा," ती बसक्या आवाजात म्हणाली आणि चपला न काढताच खाली बसली.

आम्ही तिघांनी मिळून सांगितलं. शेवटी तिने एवढंच विचारलं, "यात तू शू तर केली नाहीस ना?"

"ताई!"

"नाही, आज तेवढीच चांगली बातमी असेल म्हणून विचारलं."

आईने कात्री आणली. ताई उठून उभी राहिली. "सूटला कात्री लागली तर मी परीक्षेला याला नेसून जाईन," ती म्हणाली. आईने कात्री परत ठेवली. जेवायला वेळ नव्हता. मी आत असतानाच सूट न्यायचा ठरला.

वरून बाबांचा शर्ट चढवून मी टॅक्सीत शिरलो. टॅक्सीवाल्याने आरशातून बघितलं.

"सीट ओली होईल हो, दादा."

"काळजी करू नका," मी म्हणालो. "हे कापड पाणी बाहेर सोडतच नाही."

आणि बसलो. बसताना मी घडी झालो, घडी झालो तसा पिळला गेलो, आणि सकाळपासून साठलेलं सगळं दोन्ही घोट्यांतून भळाभळा बाहेर आलं. टॅक्सीवाल्याने गाडी बाजूला घेतली. मागे वळून त्याने ताईला हळू आवाजात विचारलं, "ताई, यांना काय झालंय?"

"भाऊ आहे," ताई म्हणाली.

त्याने समजूतदारपणे मान हलवली आणि गाडी सुरू केली.

परीक्षा एका खोल हौदाच्या काठावर होती. बाकीचे उमेदवार रांगेत उभे होते. प्रत्येकाच्या हातात हँगर, हँगरवर सूट, घरंदाज, नीटनेटका. ताईच्या हातात मी होतो. मुख्य तपासनीस एकेक सूट उलटा करून हुंगत, मध्ये रुमालाने नाक पुसत पुढे येत होते. काही जण पुढच्या फेरीत जात होते, काही जण घरी. मग ते आमच्यासमोर आले.

"तुमचा सूट?"

"आणलाय साहेब."

"कुठे?"

"हा काय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "यात माणूस आहे."

"हो साहेब. काढतेच आहे."

त्यांनी शर्टाची कॉलर बाजूला करून मानेची पट्टी वाचली. सावकाश, शब्दन् शब्द. "गरम पाणी नाही, पिळणं नाही, ऊन नाही, इस्त्री नाही. वा! कुणी लिहिलंय हे? इतकं नेमकं कुणी लिहीत नाही."

एवढ्या दिवसांत माझं काम कुणीतरी वाचलं होतं! माझा ऊर भरून आला, म्हणजे जितका त्या जागेत येऊ शकत होता तितका. "मी लिहिलंय, साहेब!"

"तुम्ही? मग तुम्ही यात काय करताय?"

"वाळवतोय, साहेब."

तपासनिसांनी पट्टी पुन्हा एकदा वाचली. मग ताईला म्हणाले, "तुमचा नंबर शेवटी टाकतो. रांग संपेपर्यंत सूट रिकामा माझ्या हातात पाहिजे. नाहीतर, नाइलाज आहे."

ताईने मला काठाशी नेलं. तिचा चेहरा मी लहानपणापासून बघतोय. ती चिडली की मला भीती वाटत नाही. ती शांत होती.

"ऐक," ती म्हणाली. "गळ्यातून आत पाणी शिरलं की सूट अंगावेगळा होतो. मग मला आत हात घालून चेन सोडवता येईल. पायऱ्यांनी उतर."

"पाण्यात? मला कुठे पोहता येतं!"

आमच्या मागे तपासनीस उभे होते. "पाणबुड्यांच्या सूटच्या सूचना लिहिता, आणि पोहता येत नाही?"

"साहेब, मी फक्त काय करू नये तेवढंच लिहितो."

"बुडणार नाहीस तू," ताई म्हणाली. "निओप्रीन तरंगतं ना? तूच सांगतोस सगळ्यांना!"

खरं होतं. मी सगळ्यांना सांगतो. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पावलाला अजून प्लास्टिकची पिशवी होती. पुढच्या पायऱ्या मला आठवत नाहीत.

निओप्रीन तरंगतं याबद्दल आता माझ्या मनात काडीचीही शंका नाही. फक्त कुठला भाग वर तरंगेल ते त्याचं ते ठरवतं! पाणबुडे उगीच कमरेला शिशाची वजनं बांधत नाहीत. माझे पाय बुचासारखे वर आले आणि डोकं खाली गेलं. काठावरून लोकांना दोन पिशव्या आकाशाकडे बघताना दिसल्या. मी ओरडलो. पाण्यात ओरडू नये. मी हात मारले, पाय मारले, बाबांचा शर्ट डोक्यावर आला आणि सगळीकडे अंधार झाला.

धप्प! ताईने अंगावरच्या कपड्यांसकट उडी घेतली होती. मागून येऊन तिने हनुवटीखाली हात घातला, मला सुलटं केलं आणि कानात ओरडली, "पाय मारू नकोस! गाढवा, पाय मारू नकोस!" तिच्या बसलेल्या गळ्यातून हे शब्द निघताना तिलाही चमत्कारिक वाटलं असणार.

मी तिला मिठी मारायला गेलो. तिने माझा हात पिरगाळला. मी दुसऱ्या हाताने तिचे केस धरले. तिने तोही सोडवला. मग एका हाताने मला धरून दुसरा हात तिने मानेतून आत घातला, बनियन टरकावली, चेन खाली गेली आणि पाणी आत घुसलं. केळं सोलावं तसं तिने मला सोललं. मला काठावर फेकलं. मग स्वतः वर आली, सूट उलटा केला आणि निथळत तपासनिसांपुढे धरला.

सगळ्या रांगेने माना पुढे काढल्या. मी खोकला दाबून धरला. महिन्याभराचा सराव, शेवटची परीक्षा, आणि तो सूट माझ्या घामात सकाळपासून मुरलेला. तपासनिसांनी काखेत नाक घातलं. मानेत घातलं. मग आणखी एका ठिकाणी घातलं, जिथे पाणबुडे खोटं बोलतात.

"वास नाही," ते म्हणाले. "स्वच्छ आहे. पास."

माझा घाम हौदाने धुऊन नेला होता. ताई खालीच बसली. मग माझ्याकडे बघून तिने घाबरत विचारलं, "पण साहेब, ओला आहे ना? चालेल?"

"ओला?" तपासनिसांना प्रश्नच कळला नाही. "अहो, पाणबुड्याचा सूट आहे. ओला असणार नाहीतर काय? वाळलेला आणा असं आम्ही कधी म्हणालो?"

ताईने अगदी सावकाश माझ्याकडे मान वळवली.

"वाळायला पाहिजे असं तुला कोण म्हणालं?"

"पट्टीवर असतं ना," मी म्हणालो.

ताईने तो ओलाच सूट उचलला आणि पुढच्या फेरीला निघाली.

पुढच्या फेऱ्या ताईने सहज काढल्या. झडप तिने इतक्या लवकर फिरवली, की वरच्यांना वाटलं ती खाली गेलीच नाही. शेवटची फेरी बुडत्याला वाचवण्याची होती. तपासनिसांनी हात हलवला. "यांची झालीये. सगळ्यांनी बघितलीये." संध्याकाळी ताईला नोकरी मिळाल्याचं तिथेच सांगितलं. तिने मला मिठी मारली आणि मी बिचकून पाय मारला.

निघताना तपासनीस माझ्याजवळ आले.

"आमच्याकडे बुडायला ऑफिसमधले एक कारकून येतात. पण ते अभिनय करतात हो! मध्येच केस नीट करतात. तुम्ही कसं मनापासून बुडता. दर परीक्षेला याल का?"

मी नाही म्हणणारच होतो. पण पोटातलं पाणी नेमकं तेव्हाच वर आलं आणि मी खोकत सुटलो.

"येईल तो," ताई म्हणाली.

तेव्हापासून परीक्षा असली की मी कारखान्यातून रजा काढतो आणि जाऊन बुडतो. ताई टाकीच्या तळाशी सुखात असते. आई शेजारणींना अभिमानाने सांगते, "आमची दोन्ही मुलं आता पाण्याच्या खात्यात आहेत!" मी काही बोलत नाही. बहुतेक वेळा मला धाप लागलेली असते.